व्यवसाय : गृहिणी

(बांधकामाची जागा, सकाळचे साडेदहा. ती टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून साठ मीटर वर. तिला इशारे देणारे काका खाली, अर्धवट इमारतीच्या पायथ्याशी. बोलणं वायरलेसवर.)

काका : थांबलीस का? अगं घारे, मध्येच थांबलीस का?

ती : थांबले.

काका : ते मला दिसतंय. सळयांचा भारा चौदाव्या मजल्याच्या तोंडाशी लोंबतोय आणि स्लॅबवर चार माणसं हात पसरून उभी आहेत. का थांबलीस ते विचारतोय.

ती : उजवा हात गेला.

काका : गेला म्हणजे?

ती : गेला म्हणजे गेला! बोटं लिव्हरवर होती, पण माझी नव्हती. खांद्यापासून मनगटापर्यंत कुणीतरी उकळतं पाणी ओतल्यासारखं झालंय. लिव्हर सोडलं, ब्रेक लागलाय, भारा आहे तिथे राहील. आधी खालून माणसं हटवा, मग चौकशी करा.

काका : शिट्टी मारली, ऐकलीस ना? आवार मोकळं केलं. स्लॅबवरचेही मागे सरकले. आता सांग. हाताला मुंग्या आल्यात का? झोपलाय का?

ती : झोपला असता तर बरं झालं असतं. माझ्या अंगातलं काहीच झोपत नाही आता. नऊ रात्री झाल्या.

काका : गोळी घेतेस ना?

ती : गोळीचं तुम्हाला काय माहीत?

काका : जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून पट्टी काढतेस, पाठ वळवून गिळतेस. म्हातारा झालोय, आंधळा नाही.

ती : बंद केली. नऊ दिवसांपूर्वी.

काका : डॉक्टरला विचारून?

ती : स्वतःला विचारून.

काका : वा. हुशार आहेस.

ती : काका, टोमणे खाली उतरल्यावर मारा. गोळी घेतली की दुखणं कमी होतं, नाही म्हणत नाही. पण दुखण्याबरोबर मीही कमी होते. तोंडात कापूस कोंबल्यासारखी कोरड. संध्याकाळी पाय असे सुजतात की बूट निघता निघत नाहीत. चार महिन्यांत अकरा किलो वाढले. रोज सकाळी ही शिडी चढते ना, ती अकरा किलोचं पोतं पाठीवर घेऊन चढते. ते सगळं सोसलं. पण त्या दिवशी तुम्ही ‘डावीकडे’ म्हणालात. आवाज ऐकू आला, शब्द ऐकू आला, आणि डावी बाजू कुठली तेच आठवेना.

काका : काँक्रीटची बकेट परांचीला लागली तो दिवस.

ती : तोच. परांचीचा पाइप सुटून खाली गेला. खाली कुणी नव्हतं. दोन मिनिटं आधी तिथे तिघं चहा पीत बसले होते, काका! चहा लवकर संपला म्हणून वाचले. दुसऱ्या दिवसापासून मी गोळीला हात लावला नाही.

काका : आणि डॉक्टर?

ती : डॉक्टरांकडे त्याआधीच दोनदा जाऊन आले होते. पहिल्या खेपेला म्हणाले, सवय होईल. दुसऱ्या खेपेला म्हटलं, झोप फार येते, तर म्हणाले, मग दुपारी जरा पडत जा. दुपारी पडत जा! साठ मीटरवरून पडले तर चालेल का, तेवढं विचारायचं राहिलं.

काका : वाऱ्याचं मीटर किती दाखवतंय?

ती : सात. मधूनच नऊ.

काका : भारा फिरायला लागलाय. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला फोन केलाय, निघालाय तो. पाऊण तास म्हणाला. आणि प्रथमोपचाराच्या खोलीत निरोप धाडलाय, सिस्टर येतेय.

ती : तिला कशाला बोलावलंत? ती सिस्टर माझी नणंद आहे हे अख्ख्या साइटला माहीत आहे, आणि आज मला तिचं तोंड बघायचं नाही.

काका : साठ मीटरवरून तोंड कसलं दिसतंय. टोपी दिसेल फार तर.

ती : हसवू नका. बरगड्या दुखतात.

काका : पाऊण तास दम धर. तो येईल, तो टेकवेल.

ती : पाऊण तास हा भारा टांगून ठेवायचा आणि सगळ्यांचा जीव टांगणीला? वारा काय आपल्याला विचारून वाढणार आहे? मी टेकवते.

काका : कशाने? उचलायचं-सोडायचं लिव्हर उजवीकडे आहे.

ती : डाव्या हाताने. आधी डाव्याने क्रेन फिरवते, थांबते. मग तोच हात उजव्या लिव्हरवर नेते आणि खाली सोडते. एका वेळी एकच हालचाल.

काका : एक विचारतो, खरं सांग. डोकं कसं आहे आत्ता? गुंगी?

ती : गुंगी गोळीची होती, ती गेली. आता डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात झटका बसतो, उघड्या तारेला बोट लागावं तसा. म्हणून मान वळवतेय, डोळे नाही. पण दिसतंय सगळं लख्ख. तुमच्या टोपीच्या मागच्या बाजूला चुना लागलाय, तोसुद्धा.

काका : बरं. मग ऐक. मी सांगेन तेवढंच करायचं. ‘थांब’ म्हणालो की थांबायचं, वाद नाही.

ती : काम करताना मी कधी वाद घातलाय?

काका : काम सोडून घालतेस. चल. डावीकडे. हळू. आणखी… आणखी… थांब.

ती : थांबले.

काका : ट्रॉली आत घे. दोन मीटर. एक. थांब. आता तू बरोबर मोकळ्या आवारावर आहेस. हात बदल.

ती : बदलतेय.

काका : सावकाश.

ती : सावकाशच होतंय, काका. उजवा हात उचलून मांडीवर ठेवावा लागतोय. दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. हं. धरलं लिव्हर.

काका : सोड खाली. चाळीसेक मीटर आहेत. वीस राहिले. सोडत राहा. दहा. वेग कमी कर. आठ. पाच. थांब!

ती : काय झालं?

काका : झुळूक आली. भारा फिरून खालच्या लाकडी ठोकळ्यांवर आडवा बसेल. जाऊ दे झुळकीला. घाम येतोय का तुला?

ती : सदरा पिळून काढावा इतका.

काका : आता. तीन. दोन. एक. टेकला. तार ढिली सोड. हातभर अजून. निघाला! हुक मोकळा. वर घे.

ती : घेतला.

काका : शाब्बास, पोरी.

ती : शाब्बासकी नको मला. रजिस्टर काढा आणि लिहून टाका. ऑपरेटरचा हात बंद पडला, ऑपरेटर कामाला नालायक. तक्रार करायची सवय लागलीच आहे तुम्हाला.

काका : काय म्हणालीस?

ती : नाटक नको. काल संध्याकाळी ऑफिसातून कागद आला. उद्या वैद्यकीय तपासणी, अहवाल येईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. बकेट लागली ती तुम्ही पाहिली, मी पाहिली. तिसरं कुणी नव्हतं. मग ऑफिसाच्या कानाला कोण लागलं? बारा वर्षं तुमच्या आवाजावर डोळे मिटून क्रेन फिरवली मी, आणि तुम्ही मागून सुरी खुपसलीत. उद्या उतरवणारच आहेत म्हणून आज चढले. एक दिवस तर एक दिवस.

काका : झालं बोलून?

ती : नाही झालं.

काका : तरी ऐक. त्या दिवशीचं रजिस्टर माझ्या अक्षरात आहे. ‘इशारा उशिरा दिला. चूक इशारा देणाऱ्याची.’ खाली माझी सही. ऑफिसाने मला लेखी समज दिली, ती घरी कपाटात आहे. एकतीस वर्षांत पहिली. बायकोलाही दाखवली नाही.

ती : तुम्ही… स्वतःवर घेतलीत?

काका : निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझ्या. मला काय फरक पडतो? तुझं नाव खराब झालं असतं.

ती : तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझी चूक पोटात घालायला?

काका : अगं…

ती : कुणी सांगितलं होतं, काका? चूक माझ्या नावावर लागली असती तर त्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं, बारा वर्षांत जिने कधी विटेला धक्का लावला नाही तिची बकेट परांचीला कशी लागली? मी सांगितलं असतं, या गोळीमुळे. तोच कागद डॉक्टरांच्या टेबलावर आपटला असता. तुम्ही माझ्या हातातला पुरावा काढून घेतलात आणि वर उपकार केले म्हणता!

काका : मला वाटलं, तुला मदत करतोय.

ती : सगळ्यांना तसंच वाटतं.

काका : बरं, मग आता माझंही ऐकून घे. आज सकाळी शिडीच्या पायाशी मी विचारलं, तब्येत कशी? काय म्हणालीस? ‘ठणठणीत’ म्हणालीस. तुझ्या त्या ठणठणीतवर विश्वास ठेवून मी चार माणसं भाऱ्याच्या वाटेत उभी केली. त्यांना बायकापोरं आहेत. ऑफिसाने चढू नको म्हटलेलं तू मला सांगितलंसुद्धा नाहीस. माझी चूक झाली, ती मी मानतो. तुझी कोण मानणार?

ती : मी मानते. मानते म्हणून तर लिहा म्हणतेय! सगळं लिहा. नऊ दिवस गोळी नाही, नऊ रात्री झोप नाही, विचारल्यावर खोटं बोलली. माझ्या अक्षरात लिहिता आलं असतं तर मीच लिहिलं असतं.

नणंद : वहिनी? वहिनी, मी बोलतेय.

ती : काका, तिच्या हातात वायरलेस का दिलात?

काका : मी नाही दिला. तिने हिसकावला. मी दुसरा घेतलाय.

नणंद : श्वास नीट लागतोय का? छातीत दुखतंय? डाव्या बाजूला जडपणा? उलटी झाली का?

ती : छातीत काही नाही. सकाळी उलटी झाली. बेबी, मला प्रश्न विचारू नकोस, मी तुझी पेशंट नाही.

नणंद : बचाव पथकाला फोन करतेय. त्यांच्याकडे झोळी असते. त्यात निजवून दोरीने…

ती : मला सळयांच्या भाऱ्यासारखं खाली सोडणार? अख्खी साइट माना वर करून बघत असताना? फोन खाली ठेव. मी माझ्या पायांनी उतरणार.

काका : एका हाताने शिडी उतरायची नाही, हे तूच नव्या ऑपरेटरांना शिकवतेस.

ती : मग हाताला वेळ द्या. येतो तो परत. कधी वीस मिनिटांत, कधी तासात. बोटं हलतायत थोडी.

काका : एक तोडगा आहे. दुसरा ऑपरेटर आला की सुरक्षेची दोरी घेऊन वर चढेल. तुझ्या हार्नेसला बांधेल आणि वरून धरेल. तू तुझ्या पायांनी उतर, शिडीच्या प्रत्येक टप्प्यावर फळीवर थांब. हात सुटलाच तर दोरी आहे. चालेल?

ती : चालेल.

काका : नाही जमलं तर झोळी. तेव्हा ऐकून घेणार नाही.

ती : बरं म्हटलं ना!

नणंद : वहिनी, मला एक सांगायचंय.

ती : घरी सांग.

नणंद : घरी तीनदा तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आले. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. तो ऑफिसचा कागद… तो काकांमुळे नाही आला. अर्ज मी दिला.

ती : तू.

नणंद : हो, मी. गेल्या आठवड्यात सकाळी तू शिडीच्या पायाशी उभी होतीस, हार्नेसचा हुक लावत होतीस. चार वेळा चुकलीस. बारा वर्षं करतेस ते काम, चार वेळा. मी खिडकीतून पाहिलं. मी दिला अर्ज आणि गरज पडली तर पुन्हा देईन.

ती : समोर बसून जेवतेस, माझ्या ताटात वाढतेस, आणि पाठीमागून अर्ज देतेस?

नणंद : समोरून सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?

ती : नसतं ऐकलं! पण भांडले असते. तुझ्याशी भांडायचा हक्क तरी मिळाला असता. आई काय बोलतात माहीत आहे ना तुला? रिपोर्टात नाही ते अंगात कुठून येणार, म्हणतात. सात डॉक्टर झाले, चौदा महिने गेले, तेव्हा कुठे त्या दुखण्याला नाव मिळालं. फायब्रोमायल्जिया. तुझ्या दादाला अजून ते नाव घेता येत नाही.

काका : मलाही नाही येत. मी फायबर म्हणतो.

ती : तुम्ही गप्प बसा. नाव मिळालं तेव्हा मी रडले होते, बेबी, आठवतं? दुखणं खरं आहे म्हणून आनंदाने रडले. तू शेजारी होतीस. मला वाटलं, घरात एक तरी माणूस माझ्या बाजूला आहे.

नणंद : होते. आहे. पण अजून एक गोष्ट आहे, ती ऐकून तू मला घरातून काढशील.

ती : काय?

नणंद : त्या हॉस्पिटलचा फॉर्म. तुझा हात दुखत होता म्हणून तू पेन माझ्या हातात दिलंस.

ती : मग?

नणंद : त्यात व्यवसायाचा रकाना होता. मी ‘गृहिणी’ लिहिलं.

ती : …काय लिहिलंस?

नणंद : गृहिणी.

काका : मी वायरलेस बंद करू का?

ती : नाही! ऐका, काका, ऐका. बारा वर्षं या खुर्चीत बसतेय. या शहरात अकरा इमारती उभ्या आहेत माझ्या हातच्या, त्यातल्या एकीत ते हॉस्पिटल आहे! आणि मी गृहिणी? घरात मी असते कधी?

नणंद : क्रेन ऑपरेटर लिहिलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी कंपनीला पत्र पाठवलं असतं. नीट निदान व्हायच्या आधी तुला खाली बसवलं असतं. तूच म्हणाली होतीस, केबिन गेली तर मी संपले.

ती : बेबी, एवढंच कारण?

नणंद : नाही. नोंदणीच्या खिडकीत माझ्याबरोबर शिकलेली मुलगी बसली होती. तिच्या समोर लिहायचं होतं. मला… मला लाज वाटली.

ती : माझ्या कामाची.

नणंद : हो.

ती : आता लागला अर्थ. त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, गाडी-बिडी चालवत नाही ना? मी म्हटलं, नाही. मला गाडी येतच नाही! सायकलसुद्धा येत नाही! मला वाटलं, समोर कागद आहे, त्यावर क्रेनचं लिहिलंय, वाचूनच दिलीय गोळी. म्हणजे चालत असेल. दुपारी पडत जा म्हणाले तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. तो बिचारा एका गृहिणीला सांगत होता. मी तिथे नव्हतेच.

नणंद : बकेट लागल्याचं कळलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणूनच तो अर्ज…

ती : तिघं मेले असते. तिथे ‘गृहिणी’ लिहिण्याऐवजी तू माझ्या थोबाडीत मारली असतीस तरी मी कमी दुखावले असते. आणि मला तर हल्ली नुसतं अंगावरून चादर ओढली तरी दुखतं.

नणंद : माहीत आहे.

ती : तुला काही माहीत नाही. दुखणं म्हणजे काय हे तुम्ही लोक एक ते दहाच्या पट्टीवर विचारता. पट्टी संपते, दुखणं नाही संपत. गोळी खाल्ली तर मी नसते, नाही खाल्ली तर दुखण्याशिवाय दुसरं काही नसतं. यातलं काय निवडू? सांग ना, शिकलेली आहेस.

नणंद : आधी एवढं ऐक. घाम, उलटी, डोक्यातले झटके, नऊ रात्री डोळ्याला डोळा नाही, हे बरंचसं तुझ्या दुखण्याचं नाहीच. ती गोळी एकदम तोडल्याचं आहे. तशी तोडायची नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते.

ती : हे मला कुणी सांगितलं?

नणंद : पाकिटातल्या चिठ्ठीवर असतं.

ती : मुंगीच्या अक्षरात! आणि गोळीने डोळ्यांपुढे सगळं दोन-दोन दिसत असताना!

नणंद : बरोबर आहे तुझं. मी सांगायला हवं होतं. डोस बदलता येतो, वेळ बदलता येते, दुसरं औषध असतं, व्यायाम शिकवणारे असतात. पण तू काय काम करतेस हे त्यांना कळल्याशिवाय यातलं काहीच नीट ठरवता येणार नाही.

ती : उद्या मी जाणार. ऑफिसच्या तपासणीलाही आणि त्या डॉक्टरांकडेही. आणि फॉर्म मी भरणार. एकेक अक्षराला दहा मिनिटं लागली तरी मीच.

नणंद : केबिन जाईल, वहिनी. काही महिने तरी.

ती : माहीत आहे.

नणंद : कदाचित जास्त. मी खोटा धीर देणार नाही.

ती : दिला असतास तर शिडीवरूनच लाथ घातली असती.

काका : ऑपरेटर आला. दोरी घेऊन चढतोय. वीसेक मिनिटांत तुझ्या दाराशी येईल. तोवर केबिन आवर. हुक वर आहे?

ती : वर आहे. मुख्य बटण बंद केलं. फिरण्याचा ब्रेक मोकळा केला. वाऱ्याबरोबर फिरू दे क्रेनला.

काका : हाताचं?

ती : मूठ वळतेय. पूर्ण नाही. शिडीचा गज धरण्याइतकी.

काका : आणि ही सिस्टर कुठे चालली? ओ सिस्टर! सिस्टर!

ती : काय झालं?

काका : हार्नेस चढवलाय तिने. उलटा. आता शिडीकडे निघालीय.

ती : वेडी आहे का ती? तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला घाबरते! थांबवा तिला.

काका : थांबवतोय. ऐकत नाही. हार्नेस सरळ करून दिला आणि हुक कसा लावायचा ते दाखवलं. तिसऱ्या टप्प्याच्या पुढे जायचं नाही असं बजावलंय. माझा माणूस तिच्या मागे आहे.

ती : बेबी, खाली उतर.

नणंद : नाही. पहिल्या… पहिल्या टप्प्यावर आहे. बोलायला लावू नकोस. खाली बघायचं नाही, म्हणाले काका.

ती : तुला कुणी बोलावलंय?

नणंद : कुणी नाही. हा… हा पट्टा किती काचतो गं खांद्यावर. रोज असाच?

ती : रोज. आणि दुखणाऱ्या दिवशी तो पट्टा नसतो, तापलेली सळई असते.

नणंद : तू कधी बोलली नाहीस.

ती : कोणाला बोलणार? ऑपरेटर आलाय दाराशी. दोरी बांधतोय. मी निघते.

काका : दहावा टप्पा. सावकाश. आधी पाय, मग हात.

ती : शिकवू नका मला.

काका : शिकवत नाही. मोजतोय. नववा टप्पा. थांब. दम घे.

ती : मूठ सुटतेय.

काका : सुटली तर सुटू दे. दोरी ताठ आहे. घाई कुणालाच नाही.

ती : काका, ती समज. कपाटातली. उद्या घेऊन या. मी ऑफिसात बरोबर येते, खरं काय झालं ते सांगते.

काका : राहू दे गं.

ती : राहू देणार नाही! पुन्हा पोटात घालाल तर याद राखा.

काका : बरं. आणतो. आठवा टप्पा.

नणंद : दुसरा. वहिनी, मला रडू येतंय. उंचीमुळे.

ती : रड. पण हात सोडून डोळे पुसू नकोस.

काका : सातवा. बस तिथे दोन मिनिटं. पाणी आहे का जवळ?

ती : आहे. बाटलीचं झाकण उघडत नाही.

काका : वरच्याला सांग, उघडून देईल.

ती : …दिलं. प्यायले. बेबी, एक नीट ऐकून ठेव. मी तुला माफ केलेलं नाही.

नणंद : मी मागितली नाही अजून.

ती : मागू नकोस. आज तेही ऐकायचं त्राण नाही. महिना लागेल, वर्ष लागेल, मी सांगेन तेव्हा माग.

नणंद : बरं.

ती : आणि आईंना आज रात्री तू सांगायचंस. माझ्यासमोर. फॉर्ममध्ये काय लिहिलंस ते, आणि दुखणं खरं आहे तेही. तू सांगितलंस तर पटेल त्यांना. माझं बोलणं त्यांना कण्हणं वाटतं.

नणंद : सांगेन.

काका : सहावा. पाचवा. छान येतेयस. चौथ्यावर थांब.

ती : थांबले. ही काय, खाली तिसऱ्यावर दिसतेय टोपी. बेबी, डोळे उघड.

नणंद : उघडले तर चक्कर येईल.

ती : वर बघ. खाली नको, वर. मी येतेय. सरक त्या कोपऱ्यात, दोघींना पुरायची नाही ही फळी.

नणंद : सरकले. हुक लावलाय, दोन्ही. आलीस? किती पांढरी पडलीयस गं. धरू का तुला?

ती : नको. हात लावलास तरी दुखतं. नुसती उभी राहा इथे, थोडा वेळ.